सुपरवायझरला टेबलावरून उठू द्या

इंजिन ओव्हरहॉलिंग करणाऱ्या वर्कशॉपांचे मालक आणि मॅनेजर यांस,

सप्रेम नमस्कार.

‘सुपरवायझर पाहिजे’ अशा जाहिराती वाचायची मला रिटायर झाल्यापासून खोड लागली आहे. डिप्लोमा मेकॅनिकल, एक्सेल यायला हवं, पार्टीशी नीट बोलता यायला हवं, स्पेअर्सचा फॉलोअप, बिलिंगची माहिती असल्यास प्राधान्य, स्वतःची टू-व्हीलर. सगळं असतं. मायक्रोमीटर वाचता यावा असं कुठे लिहिलेलं नसतं आणि फिटर हा शब्द तर औषधालाही सापडत नाही. ज्याने फिटरांवर देखरेख करायची त्याच्या नेमणुकीतून फिटरच गायब! म्हणून हे पत्र.

मोठ्या कंपन्यांसाठी हे लिहीत नाही. त्यांच्याकडे टेस्ट बेड असतात, क्वालिटीचं वेगळं खातं असतं. मी लिहितोय ते कोल्हापूरच्या उद्यमनगरात, भोसरीत, सातपूरला, वाळूजला दहा-पंधरा-तीस माणसांवर शेड चालवणाऱ्यांना. ट्रकची, ट्रॅक्टरची, जनरेटरची इंजिनं तुमच्याकडे येतात, खोलली जातात, बोअर होतात, क्रँक (पिस्टनच्या जोराने फिरणारा मुख्य दांडा) घासून येतो, इंजिन पुन्हा बांधलं जातं. माझं उभं आयुष्य अशाच शेडमध्ये गेलं. आधी पाना हातात धरून, नंतर पाना धरणाऱ्याच्या शेजारी उभं राहून.

माझी तक्रार एकच आहे. सुपरवायझरला तुम्ही इंजिनापासून उचलून टेबलावर बसवलंत. सकाळी तो पार्टीला व्हॉट्सॲपवर फोटो पाठवतो, दुपारी स्टोअर आणि दुकानदार यांच्यामध्ये गॅसकेटसाठी भांडतो, चार वाजता ‘संध्याकाळपर्यंत होतंय साहेब’ असं पाच जणांना सांगतो आणि सुटायच्या आधी जॉब कार्डांचा (प्रत्येक इंजिनच्या कामाची नोंद असलेल्या कार्डांचा) गठ्ठा पुढे ओढून सह्या ठोकतो. त्या सहीचा अर्थ ‘मी बघितलं’ असा आहे. बघितलेलं काहीच नसतं. विचारलं तर उत्तर ठरलेलं: फिटर जुने आहेत, त्यांना काय बघायचं?

फिटर चांगले आहेत, याबद्दल वादच नाही. पण आपण दिवसभर जे हाताळतो त्यातली चूक आपल्याच डोळ्यांना दिसेनाशी होते. ही फिटरची खोट नाही, माणसाची आहे. दुसरी नजर ठेवायची ती त्यासाठी. त्यात अविश्वास वगैरे काही नाही.

क्रँकचंच घ्या. ग्राइंडरकडून क्रँक घासून येतो, कागदात गुंडाळलेला, चकचकीत. दहा थाऊ (थाऊ म्हणजे इंचाचा हजारावा भाग), वीस थाऊ, मूळ मापापेक्षा जेवढा कमी केला असेल तेवढा. फिटर डिझेलने धुतो, हवा मारतो, पुसतो. पण तेलाच्या वाटा एका जर्नलपासून (क्रँकचा बेअरिंगमध्ये फिरणारा गोल भाग) दुसऱ्यापर्यंत आतून तिरप्या गेलेल्या असतात. घासताना निघालेली बारीक पूड तिथे तेलात कालवून बसते आणि नुसत्या हवेने ती हलत नाही. प्लग असतील तर ते काढायचे, लांब ब्रश आतून फिरवायचा, धुवायचं आणि मग हवा मारायची. काम कंटाळवाणं, वेळखाऊ आणि केलं नाही तरी बाहेरून काही कळत नाही असं. इंजिन पहिल्या सेल्फला सुरू होतं, ऑइल प्रेशरही झकास दाखवतं. ती पूड हलते मागे उसाची ट्रॉली लागल्यावर आणि मग नव्या बेअरिंगवर रेघोट्या ओढत जाते. पार्टी इंजिन परत घेऊन येते तेव्हा आपण म्हणतो, बेअरिंग डुप्लिकेट निघालं.

जर्नल जिथे वेबला, म्हणजे दोन जर्नल जोडणाऱ्या जाड पाळीला, मिळतो तिथली गोलाई ही दुसरी जागा. कंपनीने तिथे ठरावीक रेडियस ठेवलेला असतो. ग्राइंडरने घाईत घासायच्या दगडाची कड नीट गोल करून घेतली नाही की तिथे कोपरा पडतो, आणि क्रँक तुटतो तो नेमका त्या कोपऱ्यातून. तपासायला रेडियस गेज आणि दोन मिनिटं लागतात. फिटरने बघितलं नाही, सुपरवायझरने बघितलं नाही, तर मग ड्रायव्हर बघतो, आंबा घाटात.

आता मापं. सहा सिलिंडरच्या सरळ इंजिनात सात मेन जर्नल (ब्लॉकमध्ये बसणारे) आणि सहा क्रँकपिन (पिस्टनचे दांडे धरणारे). प्रत्येकाचं माप आडवं-उभं दोन दिशांनी घेतलं तर सव्वीस आकडे होतात. मेन बेअरिंगचा क्लिअरन्स, म्हणजे तेलासाठीची फट, मोटामोटी जर्नलच्या व्यासाच्या हजाराव्या भागाएवढा धरतात. म्हणजे ८० मिलिमीटरच्या जर्नलला ०.०८ मिलिमीटरच्या आसपास. नेमका आकडा अर्थात त्या इंजिनच्या पुस्तकातला. तो कमी पडला तर बेअरिंग धरतं, म्हणजे जाम होतं, जास्त झाला तर गरम इंजिनात ऑइल प्रेशर पडतं. अशा कामाचं जॉब कार्ड मी अलीकडे एका शेडमध्ये बघितलं. सव्वीस आकड्यांच्या जागी ‘क्रँक: ओके’ एवढंच, आणि खाली सही. ओके हे माप आहे का? उद्या इंजिन धरलं तर त्या कार्डावरून कुणाला काय कळणार?

म्हणून म्हणतो, कार्डावर टिकमार्क बंद करा. आकडा लिहायला लावा. सुपरवायझर फिटरकडे जाऊन ‘झालं का?’ असं विचारत असेल तर तो फक्त घाई वाढवतोय. त्याने ‘किती आलं?’ असं विचारावं. या प्रश्नाला मोजल्याशिवाय उत्तर देता येत नाही. दोनचार वेळा विचारल्यावर फिटर आपणहून सांगायला लागतो, ‘साहेब, तीन नंबरला जरा जास्त येतंय, बघता का?’ शेड सुधारायला लागल्याची ही पहिली खूण.

यात एक नाजूक गोष्ट आहे आणि ती कुठलाच उस्ताद तुम्हाला सांगणार नाही. पंचेचाळिशी-पन्नाशीनंतर मायक्रोमीटरच्या रेघा दिसत नाहीत. चष्मा असतो, पण तो घरी असतो किंवा ग्रीसमध्ये माखेल म्हणून खिशात. मग माणूस अंदाजाने वाचतो आणि जुन्या हाताच्या जोरावर बहुतेक वेळा बरोबर वाचतो. बहुतेक वेळा. शेजारी उभ्या राहणाऱ्या सुपरवायझरला हे एका दिवसात कळतं, टेबलावर बसलेल्याला वर्षानुवर्षं कळत नाही. उपाय स्वस्त आहे: एक डिजिटल मायक्रोमीटर, टेबलावर एक चांगला दिवा आणि ‘काका, मलाही बघू द्या, शिकायचंय’ एवढं वाक्य. तेवीस वर्षांच्या डिप्लोमाधारकाने पंचावन्न वर्षांच्या मिस्त्रीला चारचौघांत ‘पुन्हा मोजा’ म्हटलं तर मिस्त्री पुन्हा मोजेल, पण त्या पोराला परत कधी काही सांगणार नाही. शेजारी बसून दोघांनी आळीपाळीने वाचलं की कुणाचाच मान जात नाही. माणसं सांभाळणं ते हेच. त्यासाठी वेगळं ट्रेनिंग लावायची गरज नाही, सुपरवायझर तिथे असायला हवा, बस.

टॉर्कवर थोडं जास्त लिहितो, कारण सर्वांत जास्त गैरसमज तिथेच आहेत. टॉर्क पाना, म्हणजे ठरवलेला पीळ लागला की झटका देऊन ‘कट’ होणारा पाना, कट झाला म्हणजे बोल्ट बसला, असं आपण धरून चालतो. खरं तर आपण लावलेल्या जोरातला फार मोठा भाग बोल्टच्या डोक्याखाली आणि आट्यांत घासण्यात जातो. बोल्ट ताणायला साधारण दहावा हिस्सा उरतो. म्हणजे आटे कोरडे आहेत, तेलकट आहेत की घाणेरडे आहेत, यावर तोच टॉर्क वेगवेगळं काम करतो. पुस्तकात ‘तेल लावून’ म्हटलं असेल आणि फिटरने कोरडाच आवळला तर पाना कट होतो, पण हेड हवं तेवढं दाबलं जात नाही. उलट केलं तर बोल्ट लागतो त्यापेक्षा जास्त ताणला जातो. नव्या इंजिनांत तर ठरावीक टॉर्क देऊन पुढे ठरावीक अंश फिरवायचं असतं आणि बोल्ट कितीदा वापरायचा त्यालाही मर्यादा असते. त्याची लांबी मोजायची असते. स्टोअरमध्ये बोल्ट नाही म्हणून जुनाच वायर ब्रश मारून लावणं हे फिटरच्या मर्जीवर सोडायचं काम नाही. तो निर्णय सुपरवायझरचा, आणि त्याचं नाव कार्डावर हवं.

खुद्द टॉर्क पान्याचं काय? आयएसओ ६७८९ नुसार तो १२ महिन्यांनी किंवा ५००० वेळा वापरल्यावर, जे आधी होईल तेव्हा, तपासून घ्यायचा असतो. तुमच्या शेडमधला पाना शेवटचा कधी तपासला? काम झाल्यावर स्प्रिंग सैल करून पेटीत ठेवतात, की आवळलेल्या सेटिंगवरच रात्रभर बेंचवर पडून असतो? काही ठिकाणी तर तोच पाना घट्ट बसलेले नट सोडवायला वापरतात. बघून जीव तुटतो.

आणि आता थेट तुमच्याबद्दल. फिटर हेड आवळतोय. क्रम ठरलेला आहे, मधून बाहेर, तीन टप्प्यांत. दुसरा टप्पा अर्धा झालाय आणि केबिनमधून हाक येते, ‘अरे, जरा त्या बोलेरोवाल्याचं बघून घे.’ तो जातो. परत येतो तेव्हा कुठपर्यंत आलो होतो ते आठवणीवर. हाक मारणारा बहुतेक वेळा मालकच असतो, कारण फिटरला हातातलं टाकून बोलवायची हिंमत दुसऱ्या कुणाची नसते. नियम करा: आवळायला घेतलेलं हेड, मेन कॅप आणि कॉनरॉड पूर्ण झाल्याशिवाय त्या माणसाला कुणीही उठवायचं नाही. उठावं लागलंच तर परत आल्यावर सगळे बोल्ट सोडून पहिल्यापासून. आवळून झालेल्या प्रत्येक बोल्टवर रंगाची खूण, ती सुपरवायझरच्या हातची. पाळी बदलताना अर्धवट इंजिन दुसऱ्या फिटरच्या गळ्यात पडतं तेव्हा त्या खुणांशिवाय त्याच्या हाती काहीच नसतं.

नुसत्या सहीने काय होतं याचं एक उदाहरण आपल्या धंद्याबाहेरचं, पण इंजिनचंच. ५ मे १९८३ रोजी अमेरिकेत ईस्टर्न एअर लाइन्सचं ८५५ नंबरचं विमान मायामीहून नासाऊला निघालं. लॉकहीड ट्रायस्टार, तीन इंजिनं, आत १७२ माणसं. आदल्या रात्री तिन्ही इंजिनांचे चिप डिटेक्टर बदलले होते. हा डिटेक्टर म्हणजे तेलात लोखंडाची कीस येतेय का ते पकडणारा लोहचुंबक असलेला प्लग. त्याला दोन ओ-रिंगा लागतात. त्या रात्री तिन्ही इंजिनांत प्लग ओ-रिंगांशिवाय बसले. तेल गळून गेलं. आधी मधल्या इंजिनचं प्रेशर पडलं म्हणून ते बंद केलं आणि विमान माघारी वळवलं. मग उरलेली दोन्हीही बंद पडली. समुद्रावर उतरायची तयारी झाली असताना मधलं इंजिन पुन्हा सुरू झालं आणि त्या एकाच्या जोरावर विमान मायामीला टेकलं. सगळे वाचले.

चौकशीत जे निघालं ते आपल्या कामाचं आहे. मेकॅनिक नवखे नव्हते, हेच काम त्यांनी पूर्वी पुष्कळदा केलं होतं. पण दर वेळी त्यांना प्लग मिळायचा तो फोरमनच्या कपाटातून, ओ-रिंगा आधीच चढवलेला. त्या रात्री कपाटात प्लग नव्हते, म्हणून स्टोअरमधून आणले, आणि त्यांना ओ-रिंगा नव्हत्या. वर्क कार्डावर ‘नव्या ओ-रिंगा बसवल्या’ अशी ओळ छापलेली होती. तिच्यासमोर सही झाली. त्या कंपनीत याच प्लगचे घोटाळे आधीही झाले होते, सूचना निघाल्या होत्या, कागद फिरले होते. रात्री इंजिनापाशी उभं राहून ‘रिंग दाखव’ म्हणणारं मात्र कुणी नव्हतं.

आपल्याकडे विमानं नाहीत. पण फोरमनचं कपाट प्रत्येक शेडमध्ये आहे. ‘नेहमी असंच येतं’ या भरवशावर आपलं अर्धं काम चालतं. कंपनीने बेअरिंग सेटचं पॅकिंग बदललं, वरच्या आणि खालच्या शेलमधला (बेअरिंगच्या दोन अर्धगोल भागांमधला) फरक वेगळा आला, तेलाचं भोक असलेला शेल कुठे बसवायचा ते बदललं, की जुना हात जुन्या सवयीनेच चालतो. शेलचं भोक ब्लॉकच्या भोकावर आलंय का, हे कॅप चढवायच्या आधी टॉर्च मारून बघायला दहा सेकंद लागतात. कॅप चढल्यावर ते बघायची सोय नाही.

हंगामाचं मला कळतं. दसऱ्याच्या सुमाराला कारखान्यांचे बॉयलर पेटायची चाहूल लागते आणि ऊस ओढणारे ट्रॅक्टर-ट्रक एकदम अंगावर येतात. पार्टी म्हणते, परवा पाहिजे. तुम्हीही इंजिनमागे इन्सेंटिव्ह लावता. लावा, पण मग परत आलेलं इंजिनही त्याच हिशोबात धरा. बांधलेल्या इंजिनाचे पैसे मिळतात आणि परत आलेल्याचे कापले जात नाहीत, वर ते फुकटात पुन्हा बांधायचं काम भलत्याच फिटरकडे जातं, अशा ठिकाणी क्रँकच्या वाटा कोण साफ करणार? आणि सुपरवायझरला इंजिन अडवायचा हक्क द्या. त्याने ‘हे आज जाणार नाही’ म्हटलं की तुम्ही पार्टीसमोर त्याची बाजू घ्यायची. एकदा जरी तुम्ही त्याला बाजूला सारून इंजिन सोडलंत, तर पुढच्या खेपेला तो अडवणारच नाही, आणि अख्ख्या शेडने ते पाहिलेलं असेल.

घाईत आणखी एक चूक होते: फिटर कमी पडले की सुपरवायझरलाच एक इंजिन बांधायला देतात. त्याला हौसही असते. पण मग त्याचं इंजिन कोण तपासणार? त्या दिवसापुरता दुसरा माणूस नेमा, निदान ज्येष्ठ फिटरने तरी त्याची मापं घ्यावीत.

धुराचे बीएस-६ नियम आल्यापासून, म्हणजे १ एप्रिल २०२० नंतर, कामाची तऱ्हाच बदलली आहे, आणि इथे जुन्या हाताची सवय जिवावर बेतू शकते. जुन्या इनलाइन पंपाच्या इंजिनात मिसिंग (कुठला सिलिंडर मार खातोय ते) शोधायला आपण चालू इंजिनात एकेका इंजेक्टरच्या पाइपचा नट सैल करायचो. कॉमन रेलच्या, म्हणजे सगळ्या इंजेक्टरना एकाच नळीतून डिझेल देणाऱ्या इंजिनाच्या, पाइपमध्ये हजार बारच्या वर प्रेशर असतं. तिथे नट सैल केला तर डिझेलची धार कातडी फोडून आत जाते. बाहेर सुईच्या टोकाएवढं छिद्र दिसतं, दुखतही नाही फारसं, आणि आत हात सडायला लागतो. अशा माणसाला बँडेज बांधून कामाला लावू नका, तडक मोठ्या हॉस्पिटलात न्या आणि डॉक्टरांना डिझेल आत गेलंय हे स्पष्ट सांगा. हे प्रत्येक फिटरला आणि हेल्परला तोंडी सांगायचं काम सुपरवायझरचं. भिंतीवर इंग्रजी पोस्टर लावून ते होत नाही.

अप्रेंटिस पोरांबद्दल तीनच वाक्यं. आयटीआयचा डिझेल मेकॅनिक ट्रेड एक वर्षाचा आहे. तुमच्याकडे येतो त्या पोराने पुष्कळदा एकही इंजिन पूर्ण बांधलेलं नसतं. त्याला वर्षभर चहा आणि पार्ट धुण्यावर ठेवलंत तर दहा वर्षांनी ‘चांगले फिटर मिळत नाहीत’ म्हणून माझ्याकडे रडायला येऊ नका.

इंजिन उचलायच्या चेन ब्लॉकचंही बघा. १९४८च्या फॅक्टरी ॲक्टच्या २९व्या कलमापासून सांगितलं गेलंय की उचलायच्या यंत्रांची आणि साखळ्यांची सक्षम माणसाकडून वर्षातून एकदा तरी पूर्ण तपासणी व्हावी. खंडेनवमीला त्याच साखळीला आपण झेंडूची माळ घालतो. माळ काढताना हूक उघडलाय का तेवढं तरी बघा.

राहिला पगार. जादा कामाचे पैसे मिळणारा फिटर महिन्याला सुपरवायझरपेक्षा जास्त घरी नेतो, अशा शेडमध्ये हुशार फिटर बढती का घेत नाहीत हे मला विचारू नका. ज्याला इंजिन अडवायचा हक्क आहे त्याला तेवढे पैसे द्या. बिलिंगला आणि फोनला वेगळा माणूस ठेवा, तो कमी पगारात मिळतो.

या पत्राला उत्तर द्यायची गरज नाही. सोमवारी बांधायला घेतलेल्या इंजिनपाशी जा आणि तीन नंबर मेनचं माप किती आलं, असं सुपरवायझरला विचारा. तो कार्ड शोधायला टेबलाकडे वळला, तर हे पत्र त्यालाही वाचायला द्या.

आपला,
एक निवृत्त फोरमन
कोल्हापूर